हसण्याची ओळखपरेड

बाकीच्यांना किस्से आठवावे लागतात, आमच्याकडे ते बटण दाबून येतात. आठवड्याचे सहा दिवस येतात, आणि रविवारी तर रांग लावून येतात. लिहून ठेवू, लिहून ठेवू म्हणता म्हणता इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार ढकलाढकली करायला लागतात. म्हणून आज बसून सांगूनच टाकते.

आधी काम काय ते सांगते. तुम्ही लिफ्टमध्ये अडकता. घंटीचं चित्र असलेलं बटण दाबता. मग बटणांच्या वरच्या जाळीतून एक आवाज येतो आणि तुम्हाला नमस्कार करतो. तो आवाज म्हणजे आम्ही. बंगळुरूतल्या बऱ्याच सोसायट्यांच्या लिफ्ट आमच्या कंपनीकडे देखभालीला आहेत. टेक्निशियन ट्रॅफिकमधून वाट काढत पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला धीर देत राहायचं, ही आमची नोकरी. व्हाइटफील्डच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही आठ जण हेडफोन लावून बसतो. वर जिन्याने जातो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

*

मी पुण्याहून आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातात लॅमिनेट केलेलं एक कार्ड पडलं. त्यावर बोलायची वाक्यं होती, नंबर घालून. एक, कृपया शांत राहा. दोन, घाबरू नका. तीन, लिफ्टमध्ये श्वास घ्यायला पुरेशी हवा आहे.

पहिला फोन एका मध्यमवयीन गृहस्थांचा. आवाज अगदी मजेतला. लिफ्ट थांबली आहे, हातात शेंगदाण्याची पुडी आहे, मला काही घाई नाही, सवडीने माणूस पाठवा, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. इथे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण पहिला दिवस! मी कार्ड वाचलं. शांत राहा म्हटलं, तर ते म्हणाले शांतच आहे. घाबरू नका म्हटलं, तेव्हा त्यांचं चघळणं जरा हळू झालं. मग मी तिसरं वाक्य वाचलं.

पलीकडे चघळणं थांबलं. त्यांनी विचारलं, "हवेचं काय झालंय?"

पुढची पस्तीस मिनिटं ते ओरडत होते, आणि मी कार्ड पहिल्यापासून परत वाचत होते.

*

शेजारच्या खुर्चीवर बाळगोंडा अण्णा बसायचे. त्यांनी हा सगळा तमाशा ऐकला. फोन संपल्यावर माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवून म्हणाले, "अक्का, अडकलेल्या माणसाला हवा नको असत्या, सोबत पायजे असत्या. ते कार्ड चहाच्या कपाखाली ठेवा."

अण्णा निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड. वय बावन्न. आमच्याकडे येण्याआधी मल्लेश्वरमच्या एका जुन्या इमारतीत बावीस वर्षं लिफ्टमन होते. जाळीचा दरवाजा ओढायचा, स्टुलावर बसायचं, लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं. मग तिथे नवी लिफ्ट आली, बटणाची. स्टूल गेलं आणि स्टुलाबरोबर अण्णाही गेले. दोन वर्षं घरी बसून होते. आमच्या मूर्ती सरांनी त्यांना घेतलं ते तीन भाषा येतात म्हणून. या नोकरीला ते जपायचे, अगदी हेडफोनची वायरसुद्धा रोज पुसून ठेवायचे.

अण्णा सगळ्यांना हसवायचे, पण त्यांना हसताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. चेहरा कायम कोणीतरी तिसरा मजला सांगितल्यासारखा.

त्यांचा मी ऐकलेला पहिला फोन मल्लेश्वरमचाच होता. एक बाई आणि तीन शेजारी अडकले होते. बाईंना रडू येत होतं. अण्णांनी शांत राहा वगैरे काही म्हटलं नाही. हातात पिशवी आहे का, विचारलं. होती. पिशवीत काय आहे? पावट्याच्या शेंगा, दोन किलो, नुकत्याच बाजारातून आणलेल्या. अण्णा म्हणाले, मग आता घरी जाऊन एकटीने सोलणार का? तिथे तीन माणसं रिकामी उभी आहेत, द्या त्यांना.

चौघं लिफ्टच्या फरशीवर बसले. कोणाच्या घरी उप्पीट, कोणाच्या घरी सांबार, यावर वाद सुरू झाला. अण्णा मधून मधून किती झाल्या एवढंच विचारत होते. पाऊण तासाने टेक्निशियनने घामाघूम होऊन दरवाजा उघडला, तेव्हा आतले एक आजोबा त्याला म्हणाले, "स्वल्प थांब. अर्धा किलो राहिलंय."

*

अण्णांचं खरं कसब गोष्टीच्या लांबीत होतं. टेक्निशियन कुठे आहे ते आधी विचारायचे आणि मग गोष्ट निवडायचे. दोन गल्ल्या सोडून असेल तर मावशीच्या चपलेची. मारथहळ्ळीला असेल तर मेव्हण्याच्या लग्नाची. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल, तर पाटलांच्या म्हशीची, आणि ती गोष्ट मी तीन वर्षांत शेवटपर्यंत ऐकलेली नाही, कारण टेक्निशियन पोचतोच.

एकदा एका आयटीवाल्याची सुटका झाली आणि म्हैस शाळेच्या गच्चीवर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याच लिफ्टमधून घंटी वाजली. मी घेतला फोन. लिफ्ट बंद पडली आहे का, विचारलं. तो म्हणाला नाही, चालू आहे, पण आमची मीटिंग सुरू होतेय आणि माझं लक्ष लागत नाहीये. मग जरा ओशाळून म्हणाला, "म्हैस खाली कशी उतरवली तेवढं त्यांना विचारून सांगता का?"

मागून आणखी दोघांचा आवाज आला. ते लिफ्टमध्ये अडकले नव्हते. ऐकायला आले होते.

*

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अशा वेळी ऑफिसात हमखास घडतं ते घडलं. आमच्या स्वास्थ्याची काळजी घेण्याचं ठरलं.

एचआरची रेवती खरंच मनाने चांगली मुलगी. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकून आम्ही आजारी पडू, अशी तिला धास्ती होती. हसण्याने ताण कमी होतो असं ती कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकून आली. आल्या आल्या तिने एक फॉर्म काढला. संध्याकाळी घरी जाताना भरायचा. त्यात एकच प्रश्न, आज तुम्ही किती वेळा हसलात?

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी इमानदारीने तीन, चार असं लिहिलं. मग माझ्या मागच्या खुर्चीवरच्या फर्नांडिसने सोमवारी सतरा लिहिलं. मंगळवारी मूर्ती सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं की तुमच्याकडे काम कमी आहे का. त्यानंतर सगळे दोन लिहायला लागलो. अण्णा रोज शून्य लिहायचे. रेवती काळजीत पडली आणि त्यांना बाजूला घेऊन, घरी काही प्रॉब्लेम आहे का, असं हळूच विचारलं. अण्णा म्हणाले, "घरी काय न्हाई, मॅडम. मी दुसऱ्यांचं मोजत नव्हतो. मोजायचं असंल तर मोठा कागद द्या."

*

फॉर्मने भागलं नाही म्हणून रेवतीने दर बुधवारी सकाळी हास्यसत्र ठेवलं. बाहेरून एक ट्रेनर आले. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. कॉन्फरन्स रूममध्ये हात पसरायला जागा होईना, म्हणून सत्र आमच्या कामाच्या हॉलमध्येच घ्यायचं ठरलं. फोन बंद ठेवता येत नाही, तेव्हा एकाला ड्युटीवर बसणं भाग होतं. अण्णा म्हणाले, मी बसतो, मला तसंही येत नाही.

ट्रेनरने हात वर करायला लावले, हो-हो करायला लावलं, मग हा-हा. आधी सगळ्यांना लाज वाटली. मग फर्नांडिसचा शर्ट पँटमधून निघाला आणि खरोखरचं हसू सुटलं. रेवती हसली, मी हसले, आणि माझं हसू घरीदारी बदनाम आहे. मूर्ती सरही चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले होते म्हणे. मला काही दिसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

नेमक्या त्याच वेळी जवळच्या एका मोठ्या सोसायटीत लिफ्ट अडकली. आत सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि त्यांच्याबरोबर कमिटीचे सहा सभासद. सातही जण मीटिंगला निघाले होते. मीटिंगचा विषय होता, लिफ्टच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे ठेवावं की नाही. सेक्रेटरी आमच्या बाजूचे, बाकीचे सहा विरोधात. सेक्रेटरींनी ऐटीत सांगितलं, बघा आता यांची सर्व्हिस. आणि बटण दाबलं.

अण्णांनी फोन उचलून तोंड उघडलं. पण त्यांच्या नमस्काराच्या आधी जाळीतून अख्ख्या ऑफिसचं हसणं बाहेर पडलं.

मग ते सहा सभासदही हसले. ते सेक्रेटरींना फार लागलं.

*

तक्रार लेखी आली. अडकलेल्या ग्राहकाला तुमचा माणूस हसला, त्याला काढा, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघतो. फोन अण्णांच्या नावावर नोंदलेला. मूर्ती सर वाईट नाहीत, पण त्यांच्यावरही वरून दबाव होता. त्यांनी अण्णांना पत्र दिलं की चौकशी होईल, तोवर कार्डावरचं सोडून एक शब्द बोलायचा नाही, आणि हसणारे तुम्हीच होता असं निघालं तर नोकरी जाईल.

रेकॉर्डिंग आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सात-आठ जणांचा कल्ला, आणि त्या सगळ्यांच्या वर एक वेगळंच हसू. आधी लांबलचक श्वास आत ओढल्याचा आवाज, मग बारीक हिक्, हिक्, हिक्, की परत श्वास. सेक्रेटरींना झोंबलं होतं ते हेच. पण हे कोणाचं ते कोणालाच ओळखू येईना. मला आपली भीती, हे माझंच असणार. आपलं हसू आपल्याला बाहेरून कुठे माहीत असतं? मी सरांना जाऊन तसं सांगितलंही. ते म्हणाले, नुसतं असेल म्हणून चालत नाही. अण्णांना विचारलं, तुमच्या पाठीमागेच सगळे होते, तुम्ही ओळखलं असेल. अण्णा म्हणाले, "मी फोनवर होतो, सर."

मला रात्रंदिवस एकच खात होतं. या माणसाचं एक स्टूल लिफ्टने नेलंच होतं. आता आमच्या हसण्यापायी खुर्चीही जाणार होती.

त्या दिवसांत अण्णांना जयनगरहून एक फोन आला. एकटेच राहणारे एक निवृत्त मास्तर, दुधाची पिशवी घेऊन अडकले होते. अण्णांनी कार्ड समोर धरून वाचलं, कृपया शांत राहा. घाबरू नका. आवाजात जीव नव्हता. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही बरे आहात ना? अण्णांनी तिसरं वाक्य वाचलं. मास्तर म्हणाले, "असू दे. तुम्ही घाबरू नका. मी आहे इथे, कुठे जात नाही." आणि मग टेक्निशियन येईपर्यंत त्यांनी अण्णांना शाळेतल्या गमती सांगितल्या. सुटका झाल्यावर दोनदा विचारून खात्री केली की आता अण्णांना बरं वाटतंय.

मी अण्णांकडे बघितलं. ते हेडफोनची वायर पुसत होते. मला बघवेना, मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

*

चौकशी सोमवारी ठरली. सेक्रेटरी म्हणाले, मी ते हसू जन्मात विसरणार नाही, पुन्हा ऐकलं की तिथल्या तिथे ओळखीन. त्यावर रेवतीने कल्पना काढली की सगळ्यांनी त्यांच्यासमोर एकेक करून हसायचं. तिच्या मते हे न्यायाचंही होतं आणि स्वास्थ्याचंही.

सेक्रेटरी तीन जिने चढून धापा टाकत आले. कॉन्फरन्स रूममध्ये त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. चेहरे बघून मत बनायला नको म्हणून त्यांनी डोळे मिटले. आम्ही भिंतीला पाठ लावून ओळीने उभे. मूर्ती सर फळ्यापाशी यादी घेऊन, आणि रेवती वही घेऊन लिहायला.

पहिला नंबर माझा. मी मनाशी ठरवलं होतं की असं खणखणीत हसायचं की संशय माझ्यावरच आला पाहिजे. पण तोंड उघडलं तर हसू येईचना. कसाबसा एक आवाज काढला. सेक्रेटरी डोळे न उघडता म्हणाले, ह्या मॅडमना सर्दी आहे, पुढचे. फर्नांडिस हसला तो नातेवाइकांच्या लग्नात हसतात तसा. त्यानंतरची एकजण हसता हसता रडायलाच लागली. सगळ्यांची नावं यादीतून खोडली गेली. राहिले अण्णा.

अण्णा दोन पावलं पुढे आले. सेक्रेटरी कन्नडवाले, म्हणून ते कन्नडमध्ये बोलले; मी आपलं मराठीत सांगते. म्हणाले, "साहेब, मला हसायला येत न्हाई. बावीस वर्षं लिफ्टमध्ये लोकांची बोलणी ऐकली. हसलो असतो तर पहिल्याच महिन्यात काढलं असतं. पण प्रयत्न करतो. त्यासाठी मला एक आठवायला लागंल."

सेक्रेटरी म्हणाले, आठवा, पण लवकर.

अण्णांनी सुरुवात केली. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. एक पेशंट रोज गालाला हात लावून यायचा. तिसरा मजला आला, अण्णांनी दरवाजा उघडला, की त्याचा धीर जायचा. आज गर्दी दिसतेय, म्हणायचा, आणि न उतरता तसाच खाली जायचा. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर दरवाजा उघडला तर समोर खुद्द डॉक्टर उभे, आणि त्यांचाही हात गालावर. लिफ्टमध्ये शिरून अण्णांना हळूच म्हणाले, तळमजल्यावर ने, खालच्या डॉक्टरांना दात दाखवायचाय. खाली गेले. दरवाजा उघडला. डॉक्टरांनी बाहेर डोकावलं आणि म्हणाले, आज गर्दी दिसतेय.

रेवतीची लेखणी थांबली होती. सेक्रेटरींचे डोळे मिटलेलेच होते, पण मिशी हलायला लागली होती.

अण्णा त्याच चेहऱ्याने पुढे म्हणाले, "मग वर नेलं. पेशंट उतरंना. खाली आणलं, डॉक्टर उतरंना. गाल धरून दोघं समोरासमोर उभे. सात फेऱ्या केल्या, साहेब. शेवटी मीच उतरलो."

आमच्यातलं कोण आधी फुटलं ते सांगता येणार नाही. फर्नांडिस भिंतीवरून घसरत खाली बसला. मघाशी रडणारी आता उलट हसत होती. सेक्रेटरींचं पोट गदगदत होतं. आणि या सगळ्याच्या वर तो आवाज आला. लांबलचक श्वास आत, मग हिक्, हिक्.

सेक्रेटरींनी डोळे मिटलेलेच ठेवून बोट रोखलं. "हाच! हाच तो!"

आणि डोळे उघडले. बोटाच्या टोकाला मूर्ती सर होते. यादीने तोंड झाकलेलं, कान लाल, आणि तिसरं हिक् अजून व्हायचं होतं. ते झालं.

सरांनी यादी खाली घेतली. ते मी, मी, असं काहीतरी म्हणायला लागले. सेक्रेटरी एकदा त्यांच्याकडे बघत होते, एकदा अण्णांकडे.

अण्णा म्हणाले, "साहेब, तो पंख्याचा आवाज हो. जुना झालाय, मधनंच करतो तसं."

सेक्रेटरींनी मान वर करून छताकडे बघितलं. आम्हीही बघितलं. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये पंखा नाही. एसी आहे, तोही भिंतीवर.

ते बराच वेळ वर बघत राहिले. मग रुमाल काढून डोळे पुसले, टेबलावरचं तक्रारीचं पत्र उचललं, त्याच्या चार घड्या केल्या आणि खिशात टाकलं. दारापर्यंत जाऊन मागे वळले आणि मूर्ती सरांना म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण तो पंखा काढू नका."